मधले चांगले दिवस

माकडतापाच्या काही रुग्णांना दोनदा आजारी पडावं लागतं. पहिल्या खेपेला अचानक हुडहुडी भरून ताप चढतो. डोकं ठणकतं, कंबर आणि पोटऱ्या अशा धरतात की उठून बसणं नको होतं. डोळे लाल होतात, तोंडाची चव जाते, उलट्या-जुलाब लागतात, काहींच्या नाकातून नाहीतर हिरड्यांतून रक्त येतं. आठवडा-दीड आठवड्यात ताप उतरतो. माणूस पेज मागतो, ओसरीवर येऊन बसतो, गुरांची चौकशी करतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. असा आठवडा, कधी दोन आठवडे बरे जातात. मग दर शंभरातल्या दहा ते वीस जणांना साधारण तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला पुन्हा ताप येतो, आणि या खेपेला दुखणं मेंदूपर्यंत पोचलेलं असतं. मान आखडते, हात थरथरतात, नजर अंधुक होते. आणि माणूस वेगळाच वागायला-बोलायला लागतो.

वैद्यकीय पुस्तकांत या शेवटच्या गोष्टीच्या वाट्याला दोन-चार शब्द येतात: मानसिक गोंधळ, गुंगी, चिडचिड. घरच्यांच्या लक्षात मात्र वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. रात्री कडी काढून अंधारात निघालेला बाप त्यांना आठवतो, किंवा सख्ख्या बहिणीला न ओळखणारी बाई. या प्रकरणात मला त्या दोन-चार शब्दांबद्दलच लिहायचं आहे. विषाणूच्या तापानंतर मन बिघडतं तेव्हा सगळ्यांत मोठा घोटाळा करतात ते मधले चांगले दिवस, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्यामुळे ताप एकीकडे राहतो, भ्रम दुसरीकडे, आणि दोघांचं नातं कुणाच्या ध्यानातच येत नाही.

हे सांगायला कुळगीसारखी जागा योग्य आहे. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातलं हे गाव दांडेलीहून अंबिकानगरच्या वाटेवर लागतं. बाहेरचे लोक ते वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे ओळखतात: जंगलातले तंबू, पहाटेची सफारी, धनेश पक्षी. पूर्वी या तालुक्याचं ठाणं सुपे. काळी नदीवर धरण झालं, सुपे पाण्याखाली गेलं आणि ठाणं जोयड्याला आलं. आता इथलं बरंचसं रान काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतं. या रानाच्या आत आणि काठाने कुणबी, गवळी धनगर, सिद्दी राहतात. घरात कोकणी नाहीतर मराठी, कचेरीत कन्नड. गोव्याची हद्द पश्चिमेला लागूनच.

माकडतापाचं मूळ ठाणं इथून दक्षिणेला, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात. उत्तर कन्नडातला सिद्दापूर तालुका त्याला खेटून आहे आणि तिथे हा ताप पुनःपुन्हा येतो. गेल्या दहा-बारा वर्षांत तो गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याच्या पट्ट्यातही उगवला. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर जोयडा या दोन टोकांच्या मधोमध येतो. सह्याद्रीची रांग तीच, वानरं-माकडं तीच, आणि कोरड्या दिवसांतली माणसांची रानातली कामंही तीच.

कामांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीची गोचीड हा विषाणू वाहते. पावसाळ्यात अंडी, पावसाळा सरता सरता त्यातून निघालेली पिल्लं, आणि थंडीपासून त्यांची पुढची अवस्था. ही मधल्या अवस्थेतली गोचीड जेमतेम तिळाएवढी असते आणि माणसाला सगळ्यांत जास्त चावते ती हीच. पानगळ झालेल्या पाचोळ्यात, गवताच्या टोकाला ती वाट बघत बसते. पिंढरीवर चढली तरी कळत नाही. चावा दुखत नाही, आणि संध्याकाळी अंग धुताना नख लागलं तर ती मळाचा कण समजून खरवडली जाते. नेमक्या याच दिवसांत, म्हणजे डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत, लोक गोठ्यात अंथरायला पाला गोळा करतात, सरपण आणतात, मध काढतात, आणि पुढे काजूच्या बागांत बोंडं वेचतात. गोव्यातल्या सत्तरीत या तापाने गाठलं ते मुख्यतः काजूच्या बागांत राबणाऱ्यांनाच.

१९५७ च्या मार्चमध्ये सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं पटापट मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत लोक तापाने फणफणले. बातमी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात पोचली. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी धावले, ते पोटात गोळा घेऊन. माकडं मरतात आणि पाठोपाठ माणसंही, हे पीतज्वराचं लक्षण, आणि पीतज्वर आशियात कधीच आला नव्हता. प्रयोगशाळेत जे सापडलं ते पीतज्वराचं नव्हतं, पण आश्चर्य त्याहून मोठं होतं. हा विषाणू निघाला रशियाच्या तैगा जंगलातल्या मेंदूज्वराचा भाऊबंद. सोव्हिएत संशोधक लेव झिल्बर यांच्या पथकाने १९३७ साली अतिपूर्वेच्या रानात तो मेंदूज्वर शोधला होता. तोही गोचिडीमार्फतच पसरतो. सैबेरियातली गोचीड कर्नाटकात कशी पोचली असेल? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर बसून? या शंकेपायीच जागतिक आरोग्य संघटनेने सलीम अलींच्या पक्षी-स्थलांतर अभ्यासाला पैसा दिला आणि मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने हजारो पक्ष्यांच्या पायांत वाळे अडकवले. पक्षी निर्दोष ठरले, पण भारतातल्या पक्ष्यांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंच या तापाच्या भीतीतून हाती आलेलं आहे.

रशियातला भाऊबंद सरळ मेंदूवर घाव घालतो. आपल्याकडचा आधी रक्ताकडे वळतो, म्हणून त्याची नोंद रक्तस्रावी ताप अशी झाली आणि त्याचं मेंदूशी असलेलं नातं मागे पडलं. १९६१ साली वेब आणि लक्ष्मण राव या डॉक्टरांनी माकडतापाच्या रुग्णांचा जो सविस्तर अभ्यास छापला, त्यात दुसऱ्या फेरीतली मेंदूची लक्षणं स्पष्ट नोंदलेली आहेत. म्हणजे गोष्ट साठ वर्षांहून जुनी आहे. तरीही गावपातळीवर माकडताप म्हटलं की ताप, अंगदुखी आणि रक्त एवढंच डोळ्यांपुढे येतं.

आता समजा, कुळगीच्या आसपासच्या एखाद्या वाडीत चाळिशीतला एक शेतकरी आहे. माघात, उळवीच्या जत्रेच्या आगेमागे, त्याला ताप येतो. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लागते, प्लेटलेट कमी म्हणून दोन दिवस ठेवून घेतात. ताप उतरतो आणि तो घरी येतो. आठ दिवस बरे जातात. नवव्या दिवशी सकाळी त्याचं डोकं पुन्हा दुखतं, अंग कोमट लागतं. दुपारी तो बायकोला विचारतो, पाहुणे कधी आले? घरात कुणीच आलेलं नसतं. संध्याकाळी भिंतीवर किडे चालताना दिसतात म्हणून झाडू घेऊन उभा राहतो. रात्री झोप नाही. गोठ्याकडे धावतो, अडवलं तर हात उगारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शांत. चहा पितो, मुलाला शाळेचं विचारतो. घरच्यांना वाटतं, गेलं. तिन्हीसांजेला पुन्हा तेच.

हा चढउतार आपण नीट बघायला हवा, कारण निदान त्यातच आहे. मेंदूला सूज, ताप, विष किंवा क्षारांचा बिघाड यांमुळे जो भ्रम होतो तो दिवसभर सारखा राहत नाही. सकाळी कमी, रात्री जास्त. माणसाला वेळ, जागा, माणसं यांचा पत्ता राहत नाही. त्याला दिसतं जास्त, ऐकू येतं कमी: किडे, साप, दारात उभी माणसं. लक्ष एका जागी टिकत नाही. शनिवारपासून मागे वार म्हणायला सांगा: शनिवार, शुक्रवार, गुरुवार... आणि तो गुरुवारवर अडखळतो, पुन्हा शुक्रवारवर येतो, मग खिडकीकडे बघत राहतो. शाळेची पायरी न चढलेला माणूसही एरवी हे सहज म्हणतो. स्किझोफ्रेनियासारख्या आजाराची सुरुवात वेगळी असते. तिथे माणूस बहुधा विशी-पंचविशीतला असतो, बदल महिनोन्‌महिने हळूहळू होतो, आवाज ऐकू येतात, संशय बळावतो, पण आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत हे त्याला बहुतेक वेळा नीट सांगता येतं. चाळिशीत, आधी कधी काही नसताना, एका दुपारीत मन फिरलं तर आधी शरीरात शोधावं, हा वैद्यकातला जुना आणि भरवशाचा नियम आहे.

जुन्या लोकांना हे निरीक्षणातून ठाऊक होतं. ताप डोक्यात गेला, वातात बरळतोय, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत होती आणि ते वर्णन अचूक होतं. पण हे बोल अंगात ताप असतानाच तोंडावर येतात. आमच्या या शेतकऱ्याचा ताप गेला होता. म्हणून बायको डॉक्टरांना सांगते, "ह्यांचा ताप तर कधीच उतरला, आता हे नवीनच काहीतरी लागलंय." या एका वाक्याने पुढची दिशा ठरते. कुणी म्हणतं, रानात कुठेतरी देवाची जागा ओलांडली गेली असेल. देवाला कौल लावतात, भगताला बोलावतात, गाऱ्हाणं घालतात. त्या माणसांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. संकटात घर एकवटतं, त्याचाही रुग्णाला आधार होतो. अडचण वेगळी आहे. माकडतापाची दुसरी फेरी बहुतेकांमध्ये काही दिवसांत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत आपसूक ओसरते. म्हणजे ज्या दिवशी नारळ फुटतो त्याच्या आसपास माणूस शुद्धीवर येतो, आणि खरं कारण कायमचं झाकलं जातं. शंभरातल्या ज्या तीन ते पाच जणांना हा आजार नेतो, त्यांच्या बाबतीत मात्र ते दिवस फार मोलाचे असतात.

दुसरी वाट धारवाडला जाते. दांडेलीहून साठेक किलोमीटरवर असलेलं धारवाडचं मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासूनचं आहे, आज ती मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञानाची मोठी संस्था आहे. उत्तर कर्नाटकातले, सीमाभागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे जातात. गोव्याच्या बाजूला बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. दोन्हीकडे जाणते डॉक्टर आहेत. पण त्यांच्यापुढे रुग्ण येतो तो "डोक्यावर परिणाम झालाय" एवढंच ऐकून आलेल्या नातेवाइकांबरोबर. तीन आठवड्यांपूर्वीच्या तापाचा कागद घरी फडताळात राहिलेला असतो.

त्यात बोलीची अडचण. मन तपासायचं साधन म्हणजे बोलणं. रुग्ण आपल्या कुणबी बोलीत असंबद्ध काहीतरी पुटपुटतो, सोबत आलेला भाऊ ते कन्नडमध्ये डॉक्टरांना सांगतो, आणि सांगताना मायेपोटी ते नीटनेटकं करतो. तुटलेली वाक्यं जोडतो, अर्थ लागत नाही ते गाळतो. "दादा म्हणतो, डोकं दुखतंय." दादा प्रत्यक्षात म्हणालेला असतो, डोक्यात काजूची झाडं पेटलीत, मामाला सांग. विस्कटलेलं बोलणं हेच लक्षण होतं आणि तेच वाटेत दुरुस्त झालं. म्हणून नातेवाइकांना सांगायला हवं की तो जसं म्हणतो तसंच सांगा, अर्थ नसला तरी.

विषाणू मन कसं बिघडवतो? एक वाट उघड आहे: तो स्वतः मेंदूत किंवा मेंदूच्या आवरणात शिरतो आणि सूज येते. रेबीजमध्ये ती वाट सगळ्यांत भयंकर दिसते; पाणी पाहून घशाला बसणारा झटका आणि डोळ्यांतली दहशत हे सगळं मज्जासंस्थेत पोचलेल्या विषाणूचं काम. पण अनेकदा विषाणू मेंदूत सापडतच नाही आणि तरी मन बिघडलेलं असतं. तिथे दोष असतो शरीराने उभारलेल्या प्रतिकाराचा. आजारी पडलो की आपल्याला कुणाशी बोलावंसं वाटत नाही, भूक मरते, कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं. हा आळस नव्हे. रक्तात सोडलेली प्रतिकाराची रसायनं मेंदूला तसा हुकूम देतात. याचा पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाला. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना अनेक वर्षं इंटरफेरॉन हे औषध टोचत असत. ते शरीर स्वतः बनवतं त्याच रसायनाचं तयार रूप. ते घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना, साधारण चौथ्या हिश्शाला, काही आठवड्यांत खरंखुरं नैराश्य आलं. काहींच्या मनात जीव द्यायचे विचार आले. औषध थांबलं की बहुतेकांचं मन पूर्वपदावर आलं. मन खचायला मनाबाहेरचं कारण पुरतं, हे याहून स्वच्छ कसं सिद्ध होणार?

तिसरी वाट उशिराची, आणि मधल्या चांगल्या दिवसांचं कोडं तिच्यामुळे सुटतं. नागिणीच्या कुळातल्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूने मेंदूज्वर होतो. औषध वेळेवर मिळालं तर रुग्ण सुधारतो, घरी जातो. आणि दोनेक महिन्यांच्या आत त्यातल्या काहींचं मन पुन्हा बिघडतं: भास, संतापाचे झटके, लहान मुलांमध्ये हातापायांच्या विचित्र हालचाली. पूर्वी सगळ्यांना वाटे, विषाणू परतला. बहुतेक वेळा तो परतलेला नसतो. २००७ साली जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी एक आजार ओळखला, ज्यात शरीर स्वतःच्याच मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. पुढे लक्षात आलं की हर्पिसच्या मेंदूज्वरानंतरची दुसरी फेरी बऱ्याचदा हीच असते. विषाणूने मेंदूच्या पेशी फोडल्या, आतले अंश उघडे पडले, आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटली. तिला यासाठी काही आठवडे लागतात. तेच ते चांगले दिवस. या रुग्णांना मनोविकाराच्या गोळ्यांपेक्षा प्रतिकार आवरणारं औषध लागतं, आणि ते मिळालं तर बरेच जण खरोखर बरे होतात.

गोवराच्या बाबतीत तर हे अंतर वर्षांत मोजावं लागतं. लहानपणी गोवर येऊन गेलेलं मूल सहा-सात-दहा वर्षं ठणठणीत असतं. मग त्याचं अक्षर बिघडतं, गणितं चुकायला लागतात, ते हट्टी आणि घुमं होतं. शिक्षक म्हणतात लक्ष नाही, आईबाप ओरडतात. काही महिन्यांनी अंगाला एकाएकी हिसके बसायला लागतात तेव्हा कळतं की गोवराचा विषाणू इतकी वर्षं मेंदूत दडून होता. या विकारातून वाचणारी मुलं फार थोडी. गोवराची लस इतकी महत्त्वाची का, हे विचारणाऱ्याला मी नेहमी या मुलांबद्दल सांगतो.

मोठ्या साथींनीही हेच दाखवलं. १९१८ चा इन्फ्लुएन्झा जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला आणि वर्ष सरेपर्यंत देशभरात एक कोटीहून कितीतरी अधिक माणसं गेली. इतक्या मरणांत कुणाचं मन बिघडलं याची नोंद ठेवायला कोण उरलं होतं? ती अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये ठेवली गेली. कार्ल मेनिंजर या तरुण डॉक्टरांनी तापानंतर मन बिघडलेल्या १०० रुग्णांचा अभ्यास १९१९ मध्ये छापला. त्यातले कित्येक हुबेहूब स्किझोफ्रेनियाचे वाटत होते. मेनिंजर यांनी त्यांचा माग सोडला नाही, आणि काही वर्षांनी आढळलं की त्यांतले बरेचसे पूर्ण बरे होऊन आपापल्या घरी नांदत होते. त्या काळी स्किझोफ्रेनिया म्हणजे परतीची वाट नाही अशी समजूत होती. मला या अभ्यासातली ही दुसरी भेटच सर्वांत मोलाची वाटते. पहिल्या भेटीत चिकटवलेलं नाव किती उतावळं असू शकतं, हे तिच्यामुळे कळलं.

शंभर वर्षांनी कोविडच्या वेळी मोजदादीची साधनं आली. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ साली २,३६,३७९ रुग्णांच्या, बहुतांशी अमेरिकेतल्या, नोंदी तपासल्या. सहा महिन्यांत सुमारे ३४ टक्के लोकांच्या नावापुढे मेंदूचा किंवा मनाचा कुठला ना कुठला विकार लिहिला गेला होता. सुमारे १३ टक्के लोकांच्या बाबतीत तो आयुष्यातला पहिला. यात चिंता आणि नैराश्याचा वाटा मोठा. भास-भ्रमाचे विकार दीड टक्क्याच्या आसपास. आपल्याकडे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ज्यांनी अतिदक्षता विभागात दिवस काढले त्यांच्यात स्टेरॉइडचा परिणामही मिसळलेला होता; जास्त मात्रेत ते औषध एकट्याने झोप उडवतं, कधी माणसाला उन्मादात नेतं.

म्हणून माकडतापाच्या रुग्णाचं वागणं बदललं की सगळं विषाणूवर ढकलूनही चालत नाही. जोयड्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या पट्ट्यात एक कारण फार वेळा नजरेआड राहतं: दारू. रोज पिणारा माणूस तापाने अंथरूण धरतो तेव्हा त्याचं पिणं आपोआप बंद होतं. दोन ते चार दिवसांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, किडे-साप दिसतात. माकडतापातली थरथर आणि ही थरथर दिसायला जवळपास एकच, पण उपचार अगदी निराळे, आणि दारू तुटल्याचा हा झटका उपचाराविना जिवावर बेततो. घरच्यांना चारचौघांत विचारलं तर ते नाही म्हणतात. बायकोला बाजूला घेऊन हळू विचारलं तर सांगते. दुसरं, त्याच रानात, त्याच दिवसांत चावणाऱ्या चिगर किड्यामुळे स्क्रब टायफस होतो. काखेत, जांघेत, कमरेच्या गोफाखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा व्रण दिसला तर डॉक्सिसायक्लिन या स्वस्त गोळीने माणूस वाचतो. मेंदूचा मलेरिया, लेप्टो, रक्तातलं सोडियम किंवा साखर घसरणं, हे सगळं एका सकाळच्या तपासणीत पाहता येतं. माकडतापाच्या विषाणूवर नेमकं औषध नाही, त्यामुळे ज्यांच्यावर औषध आहे ते आधी हुडकणं हाच शहाणपणा.

उपचार साधे आहेत, पण ते नेटाने करावे लागतात. पाणी, क्षार, ताप उतरवायला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन आणि अंगदुखीच्या तत्सम गोळ्या टाळायच्या, कारण रक्तस्रावाचा धोका. रात्री खोलीत मंद दिवा, ओळखीचं एक माणूस उशाशी, दर थोड्या वेळाने वार आणि जागा हळू सांगणं. चष्मा असेल तर डोळ्यांवर असू द्यावा. दोरीने बांधलं तर भ्रम वाढतो. हे मी कळवळून सांगतो, कारण घाबरलेली घरं हेच आधी करतात. फारच अनावर झाला तर डॉक्टर भ्रमावरची औषधं थोड्या मात्रेत देतात, आणि ती काही दिवसांत थांबवायची असतात. इथेच पुन्हा एक चूक होते. भ्रम ओसरतो, गोळ्या मात्र चिठ्ठीवर तशाच राहतात. सहा महिन्यांनी माणूस सुस्त, थरथरत्या हातांनी बसलेला दिसतो आणि गाव म्हणतं, त्याचं डोकं फिरलंय. मुलीचं लग्न ठरवताना ती गोष्ट निघते. ज्याला पंधरा दिवसांचा मेंदूचा आजार झाला होता, त्याच्या घराण्यावर पिढीभराचा शिक्का बसतो. या अन्यायाचं मला फार वाईट वाटतं, कारण तो टाळायला एक तारीख पुरली असती.

ती तारीख म्हणजे पहिला ताप आला तो दिवस. रानपट्ट्यातल्या दवाखान्यातून तापाचा रुग्ण घरी सोडताना कागदावर ती ठळक लिहावी आणि घरच्यांना बजावावं की तिसऱ्या आठवड्यात पुन्हा डोकं दुखलं, ताप आला, झोप उडाली किंवा बोलणं बदललं तर हाच कागद घेऊन परत या, दुसरीकडे जाऊ नका. आशाताईंना त्या आठवड्यात एकदा घरी डोकावायला सांगता येईल. लोकांना तारखा आठवत नाहीत ही तक्रार खरी नाही. उळवीच्या जत्रेआधी की नंतर, शिगम्याला अंगणात उतरला होता का, काजू सुरू झाला होता का, असं विचारलं की दिवस अचूक हाती येतो. बेळगाव जिल्ह्यातून हंगामापुरते गोव्यात गेलेले मजूर ताप घेऊन आपल्या गावी परततात, तेव्हा तर हाच प्रश्न अधिक जपून विचारावा लागतो. चावा एका राज्यात, पहिला ताप वाटेत आणि भ्रम दुसऱ्या राज्यात. तिथल्या डॉक्टरच्या मनात गोचीड येण्याचं काही कारणच नसतं.

गोचीड टाळण्याचे उपाय कंटाळवाणे असले तरी खरे आहेत: रानात जाताना पूर्ण अंग झाकणारे कपडे, पायांना आरोग्य खातं देतं ते डेपा तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे उकळून धुणं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवायचं. मेलेल्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी तिथेच पाचोळ्यात नवा यजमान शोधत असतात. कर्नाटकात अनेक वर्षं दिली जाणारी जुनी लस पुरेशी गुणकारी नसल्याने थांबवण्यात आली. नवीन लसीचं काम चालू आहे.

दुसऱ्या फेरीतून उठलेला माणूस लगेच पूर्वीसारखा होत नाही. हात थरथरत राहतात, थोडं चाललं की दम लागतो, झोप तुटक, राग नाकाच्या शेंड्यावर. हिशोब करताना आकडे निसटतात. युरोपातल्या गोचीड-मेंदूज्वराच्या रुग्णांचा पाठपुरावा झाला तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांना अशी विसराळू, चिडकी, थकलेली अवस्था महिनोन्‌महिने पुरल्याचं दिसलं. माकडतापातली सुधारणा बहुधा त्याहून लवकर होते. तरी तोवर त्याला नांगराला जुंपू नये, सोसायटीच्या कागदावर सही करायला लावू नये, आणि रागाच्या भरात तो जे बोलला ते मनाला लावून घेऊ नये.

आणि शंका उशिरा आली तरी सगळं हातचं गेलेलं नसतं. पहिल्या काही दिवसांत विषाणू रक्तात थेट पीसीआर तपासणीत सापडतो. दुसऱ्या फेरीपर्यंत तो बहुधा नाहीसा झालेला असतो, म्हणून तेव्हा पीसीआर नकारार्थी आली तर माकडताप नाही असं ठरवू नये. आयजीएम नावाची प्रतिपिंडं मात्र आजाराच्या पहिल्या आठवड्यानंतर साधारण तीन महिने रक्तात राहतात. माघात ताप येऊन गेला, फाल्गुनात माणूस भ्रमला आणि चैत्रात कुणाच्या तरी डोक्यात आलं की हा माकडताप तर नव्हता, तरीसुद्धा रक्ताचा नमुना शिमोग्याच्या विषाणू निदान प्रयोगशाळेत नाहीतर पुण्याला पाठवता येतो. उत्तर होकारार्थी आलं तर तो कागद जपून ठेवावा, त्याची एक प्रत धारवाडच्या केसपेपरला लावावी, आणि चालू असलेल्या गोळ्या कधी थांबवायच्या हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावं.